बोललेले एकवीस किलो

धनंजय एका जागी बसलेला मी दोनदाच पाहिला. एकदा लग्नाच्या पाटावर आणि एकदा वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरपुढे. दोन्ही वेळा त्याला मागून कोणीतरी धरून ठेवलं होतं.

समुद्रपूरच्या बस स्टँडवरून जामच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याचं टिनाचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फाळके, जे म्हणाल ते तो वेल्डिंग करून देतो. शेजारी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. त्याच्या ग्राइंडरच्या आवाजात मी लोकांची आडनावं चुकवत असतो. धन्या चहा उभ्यानं पितो, तोही अर्धा. उरलेला कप शेडच्या कुठल्या तरी अँगलवर ठेवतो आणि विसरतो. गिऱ्हाईक दाराचं माप सांगायला तोंड उघडतं तोवर हा टेप घेऊन त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेला असतो. झोपेतही त्याचे पाय चालू असतात, असं त्याची बायको वर्षाली सांगते.

त्याला एक खोड आहे. तो लोकांना मदत करतो, पण सरळ कधीच करत नाही. बँकेतून रिटायर झालेल्या एका साहेबांनी त्याच्याकडे गेट टाकलं. चोराच्या बापाच्यानं हलू नये असं जाड पत्र्याचं पाहिजे म्हणाले. धन्यानं पाहिलं, गेट रोज उघडणार त्यांची बायको, आणि तिचा तर खांदा धरलेला. त्यानं पातळ पत्र्याचं गेट बनवलं, वर मोठमोठे खिळे ठोकले आणि भारी आहे म्हणून सांगितलं. पैसे पातळ पत्र्याचेच घेतले, वर सूट दिली म्हणून साहेबांचे आभारही घेतले. साहेब खूश, बाई खूश, चोर काही अजून आला नाही. असं चार-पाच वेळा जमलं की माणसाला वाटायला लागतं, हे आपल्याला कुठंही जमेल.

ते त्यानं महादेवाच्या बाबतीत करून पाहिलं. तीच ही गोष्ट.

धन्याला वाढवलं त्याच्या मोठीमायनं. म्हणजे त्याच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, भागीरथा. धन्याची आई तो सात वर्षांचा असताना गेली, वडील तिच्या आधीच. भागीरथाला स्वतःचं मूल नव्हतं. ती त्याला घेऊन आली, आणि स्वतःच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत लोकांच्या वावरात कापूस वेचून तिनं त्याला आयटीआयपर्यंत पोचवलं. शेडच्या पाटीवर तिचंच नाव आहे. ती पाटी तिला वाचता येत नाही. पण अक्षरं वाकडी झालीत हे तिनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ग्राइंडर चालवताना लोखंडाची बारीक कणी धन्याच्या उजव्या डोळ्यात गेली. चष्मा कपाळावर होता, कारण धन्याचा चष्मा नेहमी कपाळावरच असतो. डॉक्टरांनी डोळ्याचं काही सांगता येत नाही म्हटलं. तेव्हा बाहेरच्या बाकावर भागीरथानं नवस बोलून टाकला. डोळा वाचला तर उभ्याखडीच्या महादेवाला एकवीस किलोचा त्रिशूल. स्वतः खांद्यावर घेऊन.

डोळा वाचला.

आमच्याकडच्या टेकड्या बाहेरच्या माणसाला दाखवल्या तर तो म्हणतो, ही काय टेकडी. उभ्याखडीबद्दल असं कोणी म्हणत नाही. खालून पाहिलं तर कोणीतरी काळा दगड उभा करून ठेवल्यासारखी दिसते. अर्धी वाट सागाच्या जंगलातून, तीही चढाचीच. मग दमखडक नावाचा एक सपाट दगड लागतो. त्याच्यापुढे खरी खडी, सरळ वर. तिथं माणूस दोन पाय आणि एक हात वापरून चालतो. शिवरात्रीला लोक नवसाचे त्रिशूल घेऊन चढतात. नियम दोनच. घरून निघालेला त्रिशूल वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. आणि खाली घरातल्या माणसांनी खांदा दिला तरी चालतो, पण दमखडकापासून ज्यानं नवस बोलला त्यानंच तो एकट्यानं न्यायचा.

दुसऱ्या नियमानं धन्याची झोप उडवली. भागीरथाचा डावा गुडघा गेली चार वर्षं पायरीगणिक बोलतो. एकवीस किलो लोखंड घेऊन ती खडी चढली, तर वर त्रिशूल पोचेल, पण म्हातारी पोचेलच असं नाही. त्यानं तिला सांगून पाहिलं की चांदीचा छोटा त्रिशूल वाहू, हातात मावेल असा. ती म्हणाली, मी काय बोलली ते मले ठाऊक हाय. वर्षालीनं सांगितलं, मी नेते. त्यावर भागीरथानं तिच्या कडेवरच्या आठ महिन्यांच्या पोरीकडे बोट दाखवलं आणि विषय संपला.

मग एका दुपारी धन्यानं मला शेडमध्ये बोलावलं आणि एक पाइप धरायला लावला.

मला वाटलं कोणाच्या तरी रेलिंगचं काम आहे. तीन टोकं लागली तेव्हा उमजलं. वरचा त्रिशूल भरीव पट्टीचा होता, पण दांडा पूर्ण पोकळ. काटा लावला तर नऊ किलो भरला. मी विचारलं, हे काय बे? त्यानं बोटानं दांडा वाजवला. घंटेसारखा आवाज आला. तो आवाज ऐकून त्याचा चेहराच उतरला. भरीव लोखंड असं वाजत नाही, आणि हे तर चढताना प्रत्येक दगडावर वाजणार. म्हणून त्यानं पाइपात कापूस ठासला. ठासला आणि तोंडाशी टोपण वेल्ड करायला घेतलं, तर आतून धूर निघायला लागला. महादेवाचा त्रिशूल चिलमीसारखा धूर सोडत होता आणि आम्ही दोघं त्यात पाणी ओतत होतो. शेवटी नवा कापूस भरला आणि टोपण एम-सीलनं चिकटवलं. वर काळा रंग. बघणाऱ्याला एकवीस किलो.

रंग वाळला तेव्हा भागीरथा शेडमध्ये आली. त्रिशूलाला हळदीकुंकू लावलं, दोन्ही हातांनी उचलून पाहिला, परत पाटावर ठेवला. बरं हाय, म्हणाली. धन्यानं श्वास सोडला तो मला ग्राइंडरच्या आवाजातही ऐकू आला असता.

त्या दिवसापासून तो जास्तच फिरायला लागला. माझ्या दुकानात येऊन उभा राहायचा, फॉर्म भरायला आलेल्यांच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघायचा, जायचा, परत यायचा. वर्षाली त्याला म्हणत होती, सांगून टाका. तो म्हणत होता, सांगितलं तर ती दुसरा बनवायला लावेल, भरीव, आणि वर जाऊन मरेल. न सांगितलं तर महादेवाला फसवल्यासारखं होईल, आणि तेसुद्धा त्याच्या स्वतःच्याच डोळ्याच्या नवसात. मी त्याला चिडवायला विचारलं की तुझा विश्वास कुठं आहे नवसावर. नाही ना, म्हणाला. आणि मग थोड्या वेळानं, उजव्या डोळ्यात काही गेल्यासारखं वाटते का पाह्य बरं, म्हणाला. मी पाहिलं. काही नव्हतं.

शिवरात्रीला उजाडायच्या आत आम्ही तिघं त्याच्या छोटा हत्ती टेम्पोत बसून निघालो. पुढच्या सीटवर मधे भागीरथा, मांडीवर आडवा त्रिशूल, त्याचं एक टोक माझ्या पोटाला आणि दुसरं खिडकीबाहेर. मी सोबत होतो ते उपासाच्या राजगिऱ्याच्या दशम्या, बटाट्याची भाजी आणि पाण्याच्या बाटल्या धरायला. घरातला नसल्यानं मला खांदा देता येत नव्हता. हा नियम ज्यानं केला त्याचं भलं होवो.

पायथ्याशी दुकानं लागली होती. नारळ, रेवड्या, बेल, कोणी तरी प्लास्टिकचे त्रिशूलसुद्धा विकत होता. आम्ही वाट धरली तेव्हा सूर्य नुकता झाडांच्या बुंध्यात आला होता. साग सगळे उघडे, खाली पानांचा थर, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. मधेमधे पळस फुललेला. पुढे-मागे लोक 'हर बोला हर' करत होते. त्रिशूल पहिल्यांदा धन्याच्या खांद्यावर होता. आणि इथंच त्याची पंचाईत झाली. नऊ किलो त्याच्यासारख्या माणसाला काहीच नाही, पण एकवीसचं नाटक तर करायला पाहिजे. तो मुद्दाम वाकून चालत होता, खांदा बदलत होता, हुश्श करत होता. मी मागून पाहत होतो. नाटकात त्याला कोणी घेतलं नसतं.

अर्ध्या तासानं भागीरथा म्हणाली, आण इकडं, तू दमला. आणि तिनं त्रिशूल घेतला.

ती नाटक करत नव्हती. ती सरळ चालत होती, गुडघा वाचवत, एका लयीत. शेजारून कोणा गावचे दोघं बापलेक त्यांचा त्रिशूल घेऊन चालले होते, घामानं निथळत. त्यातला बाप थांबून तिच्याकडे बघत म्हणाला की आजी लय मजबूत हाय. धन्यानं इतक्या पटकन मान फिरवली की मला वाटलं ती तिथंच अडकते.

"डोळा लाल झाला का बे?" त्यानं मला हळूच विचारलं.

मी सांगितलं की घाम गेला असेल.

पुढच्या वळणावर परत विचारलं. त्याच्या पुढच्या वळणावर परत. डोळा एव्हाना खरंच लाल झाला होता, कारण तो एकसारखा चोळत होता. त्रिशूलाचा दांडा एका फांदीला लागला आणि आतून काहीतरी दबका, मऊ आवाज आला, गादीवर काठी मारल्यासारखा. धन्या जागीच उभा राहिला. भागीरथानं मागे वळूनही पाहिलं नाही.

मग तो पुढे जायला लागला. दहा पावलं पुढे, परत मागे, तिला पाणी पाहिजे का विचारायचा, परत पुढे. आमच्या चालण्याच्या तिप्पट तो चालला असेल. मी म्हटलं, बे, एक तर सांग नाही तर गप चाल. तो म्हणाला की दमखडकावर सांगतो. तिथं सांगितलं तर ती काय करणार, परत खाली तर जाणार नाही ना. मी म्हटलं, ही मोठीमाय आहे, जाईल. तो म्हणाला, मग नाही सांगत. मी म्हटलं, नको सांगू. तो म्हणाला, पण डोळा?

दमखडकावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिथं लोक बसतात, पाणी पितात, दम टाकतात. ज्याचा त्रिशूल त्यानं तो मांडीवर घ्यायचा. भागीरथा बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि वर बघायला लागली. वरची खडी नुसती चमकत होती. त्यावर लोक एकामागे एक चिकटलेले. एका बाईला तिचा भाऊ मागून हातानं तोलून धरत होता, पण त्रिशूलाला हात लावत नव्हता.

"चला," भागीरथा म्हणाली आणि त्रिशूल खांद्यावर घेतला.

तिनं पहिल्या दगडावर पाय ठेवला तेव्हा धन्या तिच्या आडवा आला. म्हणजे वाटेतच उभा राहिला, दोन्ही हात पसरून, जसा कोणी बैल अडवावा. मागची दोन माणसं थांबली.

"मोठीमाय, तो पोकळ हाय."

तिनं दगडावरचा पाय काढला नाही.

"पाइप हाय तो. आतमंदी कापूस हाय. नऊ किलो भरते. तुह्या गुडघ्यासाठी केलं म्या. आता काय करायचं ते कर."

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं, आणि शेवटी डोळा चोळला. मागच्या माणसांपैकी एकानं मला विचारलं की काय झालं. मी म्हटलं, घरचं आहे, तुम्ही पुढं निघा. ते बाजूनं पुढे गेले.

भागीरथानं त्रिशूल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "नऊ नाई, साडेनऊ हाय," ती म्हणाली. "कापूस धरला नाई तू."



तिनं तिथंच उभं राहून सांगितलं. चाळीस वर्षं कापूस वेचला. दिवस बुडताना वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि मालकाच्या काट्याकडे जायचं. काटा काय दाखवणार ते काट्याच्या आधी डोक्याला कळतं. ज्या बाईला कळत नाही तिचं रोज दोन किलो कमी भरतं. शेडमध्ये तिनं त्रिशूल उचलला तेव्हाच तिला कळलं होतं, आणि एकवीसच्या जागी साडेनऊ उचललं की हात आपोआप वर जातो, तो तिनं मुद्दाम खाली दाबून ठेवला होता.

"मंग घेतला काऊन?" धन्यानं विचारलं.

"तू सांगशीन म्हून. वर पोचेपर्यंत तुले येळ होता."

"अन् नसतं सांगतलं तं?"

"तं मी म्हादेवाले सांगतलं असतं. तुह्यासमोर."

धन्या म्हणाला की आपण परत जाऊ, पुढच्या वर्षी भरीव बनवतो, मी नेतो. भागीरथानं त्याच्या लाल डोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की डोळा वाचून दोन वर्षं झाली, आता आणखी पुढच्या वर्षीवर कसं टाकायचं. मग म्हणाली, "साडेनऊ मी नेते. साडेअकरा तुह्ये. लोखंडच पायजे, दगड नाई. जा."

आणि ती त्याच्या पसरलेल्या हाताखालून वाकून निघून गेली. खडीवर चढायला लागली. मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तो मला काही न सांगता खाली पळत सुटला होता. वाटेवरचे लोक त्याला बाजू देत होते. शिवरात्रीला कोणी त्या वेळी खाली उतरत नाही, म्हणून प्रत्येक जण त्याला विचारत होता की काय झालं, आणि तो प्रत्येकाला सांगत होता, लोखंड.

मी भागीरथाच्या मागे चढलो. सांगायला लाज वाटत नाही, मी दोन ठिकाणी चारही हातापायांवर होतो. ती एकदाही नाही. गुडघा दुखत होता, ते तिच्या मानेच्या शिरेवर दिसत होतं, पण साडेनऊ किलो तिनं ज्या पद्धतीनं खांद्यावर घेतले होते, त्यात ओझं वाहिल्याचं काही नव्हतं. खरं सांगायचं तर धन्याचं गणित बरोबरच होतं. भरीव लोखंड घेऊन ती ही खडी चढू शकली नसती. ते मी त्या दिवशी तिला म्हटलं नाही आणि तिनंही कबूल केलं नाही.

वर छोटं पठार आहे. मधे महादेवाची पिंड, तिच्याभोवती शेकडो त्रिशूल रोवलेले, नवे काळे, जुने गंजून लाल. कडेला लोखंडी रेलिंग. तिथं महादेवाची सेवा करणारे किसनराव भगत बसले होते. भागीरथानं पिंडीला डोकं टेकवलं, त्रिशूल खांद्यावरच ठेवून, आणि मग रेलिंगजवळ जाऊन बसली. त्रिशूल मांडीवर आडवा.

किसनराव म्हणाले, बाई, रोवून टाका की. ती म्हणाली की पूर्ण यायचा आहे. किसनरावांना वाटलं, तुटला असेल. ते त्रिशूलाकडे बघत राहिले. कुठं तुटला ते काही त्यांना सापडेना. शेवटी म्हणाले, तोपर्यंत खाली ठेवा, देवाले काही वाटत नाई. भागीरथा म्हणाली, त्याच्याशी माह्यं बोलणं जमिनीले न टेकवायचं झालं हाय.

मग आम्ही वाट पाहत बसलो. म्हणजे ती बसली. मी उठत होतो, कड्यावरून वाकून बघत होतो, परत बसत होतो. धन्याचं वारं मला लागलं असावं.

वरून सगळा मुलूख दिसतो. एका बाजूला टेकड्यांच्या रांगा, उघड्या सागांनी राखाडी, मधेच पळसाचा एखादा ठिपका. दुसऱ्या बाजूला गव्हाचे हिरवे तुकडे, उपटायच्या राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांची काळपट वावरं, धरणाचं पाणी, आणि दूर जामचा हायवे, त्यावरचे ट्रक आवाजाशिवाय सरकत होते. शहरातली माणसं इथं येऊन फोटो काढतात. भागीरथा मात्र बोटानं वावरं दाखवत होती. त्या विहिरीजवळचं वावर, तिथं बोंडं मोठी पण बोटांना टोचतात फार. त्या तिरप्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे, तिथं मालकीण दुपारी ताक द्यायची. तिकडच्या गुरांच्या कौलारू कोठ्याजवळ, तिथला काटा खोटा होता. तिच्या बोटाखाली अख्खा तालुका उभा होता, आणि त्यात तिनं वेचला नाही असा तुकडा तिला शोधावा लागत होता.

मी विचारलं, एकवीसच का बोललीस? अकरा बोलली असतीस तर हे झालंच नसतं.

तिनं त्रिशूलावरची धूळ पदरानं पुसली. "धन्याले घेऊन आली ना मी, तवा तो तापानं फणफणलेला होता. दवाखान्यात त्याले काट्यावर उभं केलं. नर्स म्हणे एकवीस किलो. सात वर्साच्या पोराले कमी हाय म्हणे. मग बस सुटून गेलती, त त्याले कडेवर घेऊन मी पायी आली, सहा मैल." तिनं कमरेवर हात ठेवला. "ते वजन माह्या कमरेले ठाऊक हाय. दुसरं कोणतं बोलू?"

हे मी धन्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो आणखी काहीतरी उचलायला निघेल.

दोन तास झाले. बारा वाजत आले. चढणारे कमी झाले, दगड तापले, किसनरावांनी त्रिशूलांच्या सावलीत आडवं व्हायची तयारी केली. मला वाईट वाईट विचार यायला लागले. उतरताना घसरला असेल. डोळ्यासमोर अंधारी आली असेल. भागीरथाच्या बोलण्यात त्यातलं काही नव्हतं, पण ती आता वावरं दाखवत नव्हती. नुसती खडीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मांडीवरच्या त्रिशूलावर तिची बोटं टिकटिक करत होती. मी म्हटलं, मी खाली जाऊन बघतो. ती म्हणाली, बस. मग पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाली, जाऊन पाह्य.

मी उठलो तेव्हा खडीच्या तोंडावर एक पोतं वर आलं. पोत्याखाली धन्या होता.

त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता, चेहरा ताज्या विटेसारखा. पोतं त्यानं तिच्यासमोर धरलं, खाली टेकवलं नाही. आत काय होतं ते तो दम टाकत टाकत सांगत होता. गाडीतला जॅक, मोठा हातोडा, सी-क्लॅम्प, दोन छिन्न्या, साखळीचा तुकडा. म्हणजे त्याची अर्धी रोजीरोटी. रेवडीवाल्याच्या काट्यावर मोजून आणलं, साडेअकराला एक ग्रॅम कमी नाही.

भागीरथानं एका हातानं मांडीवरचा त्रिशूल धरला आणि दुसऱ्या हातानं पोतं उचललं. क्षणभर धरलं.

"पोत्यासकट मोजलं तू," ती म्हणाली.

धन्यानं पोत्याचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"पोत्याचे अर्धा किलो कटते. कापसात दरवर्षी कटते. लोखंड अकरा हाय."

मी किसनरावांकडे पाहिलं, किसनरावांनी पिंडीकडे. धन्यानं खिसे चाचपले. शेडच्या किल्ल्या निघाल्या, त्या तिनं हातावर तोलून परत दिल्या, नाई पुरत म्हणाली. मग त्यानं मागच्या खिशातून एक पाना काढला, चांगला जाडजूड. तो पाना घेऊनच तो लग्नाला, मयतीला, बँकेत जातो. त्यानं तो एकदा हातात फिरवला, आणि पोत्यात टाकला. भागीरथानं परत उचललं.

"आता झालं."

ती उठली. गुडघा धरून उठली, पण कोणाचा हात घेतला नाही. पोतं पिंडीजवळ ओतलं, लोखंड लोखंडावर वाजलं. मग त्रिशूल रोवायला पाहिजे, तर जमीन कातळाची, आणि तिथल्या खाचेत तो नुसता बसेना. किसनराव म्हणाले की ठोकायला आमच्याकडे दगड आहे, पण दगडानं टोपण निघेल. टोपणाचं त्यांना कसं कळलं देव जाणे. धन्या त्या ढिगाकडे बघत उभा होता. ढिगाच्या अगदी वर त्याचा हातोडा.

"मोठीमाय," तो म्हणाला, "हातोडा जरासाक घेऊ का? ठोकून परत ठेवतो."

"मले काय विचारतं? माहा हाय का तो आता?"

धन्यानं पिंडीपुढे हात जोडले. काय बोलणं झालं ते त्या दोघांना ठाऊक. मग त्यानं हातोडा उचलला, त्रिशूलाच्या बुडाशी तीन-चार जपून ठोके दिले, त्रिशूल हलवून पाहिला, अजून एक दिला. हातोडा ढिगावर ठेवला, नमस्कार केला.

मी दशम्या सोडल्या. भागीरथानं भाजीचा डबा उघडला आणि त्याला हाक मारली. तो आला नाही. तो रेलिंगजवळ गेला होता आणि एकेक खांब हलवून बघत होता. तिसऱ्या खांबाचा वेल्ड सुटला होता. त्यानं तो वाकून पाहिला, बोटानं खरवडला, मग ढिगाकडे पाहिलं, मग पिंडीकडे.

"धन्या," भागीरथा म्हणाली.

त्यानं ढिगाकडे निघालेला पाय मागे घेतला आणि खायला आला. उभ्यानंच.